बुरशीतले अल्कोहोल पचवणारे जीन नेमके कशाने चालू होतात: ॲस्परजिलस निडुलन्सवरचा पूर्ण प्रयोग, पायरी-पायरीने

हा प्रयोग कागदावर फार सोपा दिसतो. बुरशी ग्लुकोजवर वाढवा, मग इथेनॉलमध्ये टाका, आरएनए काढा, क्यूपीसीआर (जीनचा आरएनए किती आहे ते मोजायची पद्धत) करा, ग्राफ काढा. ग्राफ मस्त येतोही, एक छोटी पट्टी आणि शेजारी एक उंच पट्टी. फक्त त्यातून सिद्ध काहीच होत नाही, कारण तुम्ही एका वेळी दोन गोष्टी बदलल्या, ग्लुकोज काढलं आणि इथेनॉल घातलं, आणि आता जीन कशामुळे चालू झाला हे सांगायला तुमच्याकडे काही राहिलं नाही. एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये ही चूक इतकी सरसकट दिसते की मला वाटलं एकदा सगळं नीट लिहूनच टाकावं.

या बुरशीत अल्कोहोलच्या जीनांना एक ब्रेक आहे आणि एक ॲक्सिलरेटर. ब्रेकवरून पाय काढणं म्हणजे ॲक्सिलरेटर दाबणं नव्हे. पुढची प्रत्येक पायरी ही दोन्ही वेगवेगळी मोजता यावीत म्हणूनच आहे.

## सुरू करण्याआधी एवढं डोक्यात पक्कं हवं

इथेनॉल पेशीत गेलं की अल्कोहोल डिहायड्रोजनेज-१ त्याचं ॲसिटाल्डिहाइड करतो, हा एन्झाइम अल्कए या जीनवरून बनतो. ॲसिटाल्डिहाइडचं ॲसिटेट करणारा एन्झाइम अल्डए या जीनवरून. पुढे ॲसिटेटचं ॲसिटिल-कोए होतं आणि ते नेहमीच्या रस्त्याला लागतं.

ॲक्सिलरेटर म्हणजे अल्कआर, डीएनएला चिकटून जीन चालू करणारं झिंकवालं प्रोटीन. अल्कए आणि अल्डए दोघांनाही ते चालू करतं, आणि वर स्वतःच्या जीनलाही चालू करतं, म्हणून एकदा सुरुवात झाली की सिग्नल भराभर चढतो. अल्कआर आणि अल्कए सातव्या क्रोमोसोमवर शेजारी-शेजारी आहेत, अल्डए आठव्यावर.

ब्रेक म्हणजे क्रेए. ग्लुकोज असेल तेव्हा हे प्रोटीन अल्कआरच्या प्रमोटरवर (जीनच्या आधीचा, त्याला चालू-बंद करणारा डीएनएचा भाग) बसतं आणि अल्कएच्या प्रमोटरवरही बसतं, म्हणजे ॲक्सिलरेटर बनू देत नाही आणि वर जीनलाही थेट दाबून धरतं. दोन्ही ठिकाणी दाब असल्यामुळे ग्लुकोज असताना जंगली स्ट्रेनमध्ये (ज्यात हे जीन बिघडलेले नाहीत अशा मूळ वाणात) अल्कए जवळपास पूर्ण बंद असतो.

आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट: खरा इंड्युसर, म्हणजे जीन चालू करणारा पदार्थ, इथेनॉल नाही, ॲसिटाल्डिहाइड आहे. इथेनॉलचं आधी थोडं ॲसिटाल्डिहाइड व्हावं लागतं, मग अल्कआर जागा होतो. थ्रिओनिन हे अमिनो ॲसिडही याच कारणाने इंड्युसर म्हणून चालतं, पेशीत ते तुटलं की ग्लायसिन आणि ॲसिटाल्डिहाइड मिळतं.

सावधान: यीस्टचा प्रोटोकॉल उचलून इथे चिकटवू नका. सॅकरोमायसीसमध्ये एडीएच-२ हा जीन ग्लुकोज संपलं की एडीआर-१ नावाच्या वेगळ्याच ॲक्टिव्हेटरने उठतो, तिथे अल्कआर नाहीच. पिकियामध्ये मिथेनॉलवर चालणारा एओएक्स-१ प्रमोटर ग्लिसरॉलने दाबला जातो, पण निडुलन्समध्ये ग्लिसरॉल अल्कएला दाबत नाही, उलट आपण तो न्यूट्रल कार्बन म्हणून वापरणार आहोत. ग्लिसरॉलवरून या दोन सिस्टिमची सरमिसळ हमखास होते.

## १. स्ट्रेन: नाव नाही, जीनोटाइप बघा

जंगली स्ट्रेन म्हणून एफजीएससी ए-४ घेतला तर सगळ्यात बरं, जीनोम याचाच सिक्वेन्स झालाय, २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि याला वाढायला कुठलंही व्हिटॅमिन वरून लागत नाही. पुण्यात एनसीएलच्या एनसीआयएममध्ये आणि आघारकर संस्थेच्या एनएफसीसीआयमध्ये बुरश्यांचे संग्रह आहेत, चंदीगडला एमटीसीसी आहे, तिथे चौकशी करताना नुसतं "ॲस्परजिलस निडुलन्स द्या" म्हणू नका, जीनोटाइप, म्हणजे कुठले जीन बदललेले आहेत ते, लिहून मागा.

लॅबमधले बरेच स्ट्रेन मार्करवाले असतात. पायरोए-४ असेल तर पायरिडॉक्सिन लागतं, पाबाए-१ असेल तर पॅराअमिनोबेंझोइक ॲसिड, बायए-१ असेल तर बायोटिन, पायरजी-८९ असेल तर युरिडीन आणि युरॅसिल. हे विसरलात तर बुरशी उपाशी राहते आणि तुम्ही समजता जीन चालत नाही.

जमलं तर दोन म्युटंट मिळवा. एक अल्कआर नसलेला, आणि एक क्रेए बिघडलेला, उदाहरणार्थ क्रेए-डी-३०. या दोघांमुळे प्रयोगाला खरा कणा येतो, कसा ते शेवटी येईलच. नाही मिळाले तरी प्रयोग थांबवू नका, पण मग निष्कर्षात "क्रेएमुळे" असं लिहू नका, "ग्लुकोजमुळे" एवढंच लिहा, कारण तेवढंच तुम्ही दाखवलेलं असतं.

सावधान: ही बुरशी धडधाकट माणसाला सहसा काही करत नाही, पण प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना, खास करून क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज असलेल्यांना, गंभीर इन्फेक्शन करू शकते. स्पोअरच्या प्लेट बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच उघडा. जीनमध्ये बदल केलेला स्ट्रेन असेल तर संस्थेच्या बायोसेफ्टी कमिटीची परवानगी आधी, कल्चर नंतर.

## २. मीडियम: ज्यातलं सगळं माहीत आहे असंच

इथे मिनिमल मीडियमला पर्याय नाही. यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, पेप्टोन, कॅसॲमिनो ॲसिड यातलं काहीही "जरा बरी वाढेल" म्हणून घालू नका, त्यात कार्बन आहे, थ्रिओनिन आहे, आणि ते किती आहे हे तुम्हाला माहीत नाही.

लिटरला पोटॅशियम क्लोराइड ०.५२ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट ०.५२ ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट १.५२ ग्रॅम, ट्रेस एलिमेंटचं सोल्युशन, आणि नायट्रोजनसाठी सोडियम नायट्रेट ०.८५ ग्रॅम, म्हणजे १० मिलिमोलर. पीएच ६.५ करा. कार्बन यात घालायचा नाही, कार्बनशिवायच ऑटोक्लेव्ह करायचं आणि ग्लुकोजचा २० टक्के, ग्लिसरॉलचा ५० टक्के असे वेगळे स्टॉक करून नंतर घालायचे. एकच मोठा बॅच करून सगळ्या फ्लास्कला तोच वापरा, म्हणजे फरक पडला तर तो कार्बनमुळेच पडला असं म्हणता येतं.

इथेनॉल ॲब्सोल्यूट हवं. डिनेचर्ड स्पिरिट चालणार नाही, त्यात मुद्दाम मिसळलेली दुसरी रसायनं असतात आणि ती बुरशीवर काय करतील ते सांगता येत नाही. ॲब्सोल्यूट अल्कोहोलसाठी कॉलेजला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, तर स्टोअरमध्ये आधीच विचारून ठेवा, ऐन प्रयोगाच्या दिवशी नको.

तपासा: तुमच्या कुठल्या स्टॉकचं सॉल्व्हंट इथेनॉल आहे का? क्लोरॅमफेनिकॉल बहुतेक ठिकाणी इथेनॉलमध्ये विरघळवून ठेवलेलं असतं. ते हजारात एक या प्रमाणात घातलं तरी मीडियममध्ये ०.१ टक्का इथेनॉल गेलं, म्हणजे साधारण १७ मिलिमोलर. तुमचा कंट्रोल फ्लास्क तिथेच गेला. टेबल पुसायचं ७० टक्के इथेनॉलही तसंच, ते साधारण १२ मोलर असतं, त्याचे नुसते ५० मायक्रोलिटर ५० मिलिलिटरमध्ये पडले तरी १२ मिलिमोलर होतात. पुसलेला स्पॅटुला, बुडवलेला स्प्रेडर पूर्ण सुकू द्या.

## ३. फ्लास्कचा आराखडा आधी कागदावर

पाच फ्लास्क, प्रत्येकी ५० मिलिलिटर मीडियम, २५० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये.

फ्लास्क क: ग्लुकोज १ टक्का. ब्रेक दाबलेला, ॲक्सिलरेटर सोडलेला.
फ्लास्क ख: ग्लिसरॉल १ टक्का. ब्रेक सोडलेला, ॲक्सिलरेटरही सोडलेला.
फ्लास्क ग: ग्लिसरॉल १ टक्का आणि २-ब्युटॅनोन ५० मिलिमोलर. ब्रेक सोडलेला, ॲक्सिलरेटर दाबलेला.
फ्लास्क घ: ग्लुकोज १ टक्का आणि २-ब्युटॅनोन ५० मिलिमोलर. दोन्ही दाबलेले.
फ्लास्क च: फक्त इथेनॉल १०० मिलिमोलर. निसर्गात जे होतं त्याच्या जवळचं.

बहुतेक जण क आणि च एवढेच दोन करतात. त्यात ख नाही, म्हणजे ग्लुकोज नुसतं गेल्याने किती वाढ झाली ते कळत नाही, आणि घ नाही, म्हणजे इंड्युसर समोर असतानाही ग्लुकोज जीन दाबून ठेवतं का तेही कळत नाही. ख आणि घ हेच या प्रयोगाचे प्राण आहेत. वेळ कमी असेल तर च काढून टाका, पण या दोघांना हात लावू नका.

ब्युटॅनोन का, इथेनॉल का नाही, असा प्रश्न येतोच. ब्युटॅनोन अल्कआरला जागं करतं पण बुरशीचं अन्न होत नाही, त्यामुळे त्याने जो बदल दिसतो तो इंडक्शनचाच. इथेनॉल एकाच वेळी इंड्युसरचं मूळ आणि कार्बन सोर्स असतं, शिवाय त्यापासून बनणारं ॲसिटाल्डिहाइड किती साचणार हे अल्कए आणि अल्डए यांच्याच वेगावर ठरतं, म्हणजे जे मोजायचंय तेच मोजमापात लुडबुड करतं. ब्युटॅनोनवर बुरशी जगणार नाही म्हणून सोबत ग्लिसरॉल.

ब्युटॅनोन मिळत नसेल तर थ्रिओनिन १०० मिलिमोलर, ५० मिलिलिटरला सुमारे ०.६ ग्रॅम. फक्त ते नायट्रोजनही देतं हे लक्षात असू द्या.

प्रत्येक कंडिशनचे तीन फ्लास्क, आणि ते वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या स्पोअरपासून. एकाच फ्लास्कमधून तीन ट्यूब भरल्या तर ते तीन रेप्लिकेट होत नाहीत, ते एकच माप तीनदा घेतलेलं असतं.

## ४. प्लेटवर आधी खात्री

आरएनएच्या किटवर पैसे घालवण्याआधी दोन दिवस प्लेटला द्या. मिनिमल मीडियमच्या चार प्लेट करा: कार्बन नसलेली, ग्लुकोजवाली, ग्लिसरॉलवाली आणि १ टक्का इथेनॉलवाली. इथेनॉल आगर साधारण ५० अंशांवर आल्यावर घाला, गरम आगरमध्ये घातलं तर उडून जातं. ३७ अंशांवर ठेवून बघा.

जंगली स्ट्रेन ग्लुकोज, ग्लिसरॉल, इथेनॉल तिन्हींवर वाढला पाहिजे. अल्कआर नसलेला ग्लुकोज-ग्लिसरॉलवर वाढेल आणि इथेनॉलवर कार्बन नसलेल्या प्लेटसारखाच विरळ दिसेल. विरळ म्हणजे शून्य नव्हे, आगरमधल्या अशुद्धीवर पातळसं जाळं येतंच, म्हणून तर कार्बन नसलेली प्लेट शेजारी हवी.

सावधान: इथेनॉलच्या प्लेट आणि कार्बन नसलेल्या प्लेट एकाच बंद डब्यात ठेवू नका. वाफ शेजारच्या प्लेटमध्ये जाते आणि मग कंट्रोलवरही बुरशी वाढते.

अजून एक जुनी आणि फार छान टेस्ट आहे, ॲलिल अल्कोहोलची. ॲलिल अल्कोहोल स्वतः ठीक, पण अल्कोहोल डिहायड्रोजनेज त्याचं ॲक्रोलिन करतो आणि ते बुरशीला मारतं. म्हणजे जिथे जीन चालू तिथे मरण, जिथे बंद तिथे वाढ. अल्कए किंवा अल्कआर बिघडलेले म्युटंट याच युक्तीने निवडता येतात. आणि ग्लुकोजवर जंगली स्ट्रेन तग धरतो पण क्रेए बिघडलेला मार खातो, कारण त्याचा ब्रेकच नीट लागत नाही. पण ॲलिल अल्कोहोल माणसालाही विषारी आहे, डोळ्यांना आणि श्वासाला भयंकर त्रास देतं, त्यामुळे फ्यूम हूड, ग्लोव्हज आणि सोबत अनुभवी माणूस नसेल तर ही टेस्ट सोडून द्या, बाकीचा प्रयोग त्यावाचून अडत नाही.

## ५. स्पोअर आणि मूळ कल्चर

तीन ते पाच दिवसांच्या प्लेटवरून ०.०१ टक्का ट्वीन-८० च्या पाण्यात स्पोअर उतरवा, चांगलं हलवा, हिमोसायटोमीटरवर मोजा. अंदाजपंचे "एक लूप" टाकू नका. मिलिलिटरला दहा लाख स्पोअर हे प्रमाण धरा, कमी टाकले तर बुरशीचे मोठे गोळे होतात, आणि गोळ्याच्या पोटात ऑक्सिजन पोचत नाही.

हे गोळ्यांचं प्रकरण नुसतं दिसण्यापुरतं नाही. या बुरशीत अल्कोहोल डिहायड्रोजनेज एकच नाही. अल्कएवरून बनणारा पहिला, अल्कबी वरून दुसरा, जो इथेनॉलने उलट कमी होतो, आणि अल्कसी वरून तिसरा, जो ऑक्सिजनच्या टंचाईत वर येतो. म्हणजे गोळे झाले, शेकर हळू फिरला, फ्लास्क जास्त भरला, की तुम्ही एन्झाइम मोजताना तिसऱ्यालाही पहिल्यात धरून बसता.

एक लिटरच्या फ्लास्कमध्ये २०० मिलिलिटर, असे दोन फ्लास्क, १ टक्का ग्लुकोज, ३७ अंश, १८० ते २०० आरपीएम, १४ ते १६ तास. रात्री आठ-नऊला लावलं की सकाळी काम सुरू करता येतं.

तपासा: सकाळी मीडियममध्ये ग्लुकोज शिल्लक आहे का ते बघा. मेडिकलमध्ये लघवीतली साखर बघायची पट्टी मिळते ती यासाठी छान चालते. पट्टीने ग्लुकोज दाखवलंच नाही तर रात्रीच कधीतरी ते संपलंय आणि ब्रेक आधीच सुटलाय, तो बॅच टाकून द्या आणि पुढच्या वेळी दोन तास आधी उतरवा. हळहळ वाटते, पण त्यावर पुढचे तीन दिवस घालवणं जास्त वाईट.

## ६. धुणं आणि मीडियम बदलणं

इथे घाई आणि काळजी दोन्ही एकदम लागतात. कार्बन नसलेलं मिनिमल मीडियम आधीच ३७ अंशांवर गरम करून ठेवा, थंड मीडियमने धुतलं तर बुरशीला थंडीचाही धक्का बसतो. पाचही फ्लास्क कार्बन घालून शेकरमध्ये तयार हवेत.

मिराक्लॉथमधून (गाळायच्या बारीक कापडातून) गाळा, गरम मीडियमने भरपूर धुवा, हलकं दाबा, परत धुवा. शेवटच्या धुण्याचं पाणी पट्टीवर बघा. पट्टी ढोबळ असते, थोडं ग्लुकोज ती पकडत नाही, म्हणून ती कोरी राहिल्यावरही एक धुणं जास्तीचं द्या. ख आणि ग मध्ये चिमूटभर ग्लुकोज गेलं तरी ब्रेक थोडा दाबलेला राहतो, आणि मग इंडक्शन "कमी आलं" म्हणून तुम्ही विनाकारण प्राइमरवर शंका घेत बसता.

दाबून पाणी काढलेलं मायसेलियम (बुरशीच्या धाग्यांचं जाळं) तोलून प्रत्येक फ्लास्कमध्ये साधारण १ ग्रॅम टाका. पूर्ण पिळून कोरडं करू नका, पेशी फुटतात. त्याच वेळी एक छोटा तुकडा लगेच लिक्विड नायट्रोजनमध्ये टाका, हा तुमचा शून्य वेळेचा सॅम्पल, आणि तो नेमका राहून जातो.

## ७. इंड्युसर घालणं

मायसेलियम सगळ्या फ्लास्कमध्ये गेल्यावर इंड्युसर घाला, ५० मिलिलिटरसाठी ब्युटॅनोन २२४ मायक्रोलिटर, ॲब्सोल्यूट इथेनॉल २९० मायक्रोलिटर. घ मध्ये ग्लुकोज आधीपासून असलंच पाहिजे. ब्युटॅनोन आधी आणि ग्लुकोज दहा मिनिटांनी असं झालं तर त्या दहा मिनिटांत अल्कआर उठतो, आणि पुढे घ चा आकडा का वाढला हे शोधत बसावं लागतं.

दोन्ही रसायनं उडून जाणारी आहेत, ॲसिटाल्डिहाइड तर जवळपास २० अंशांनाच उकळतं. इंड्युसरवाले फ्लास्क जमलं तर वेगळ्या शेकरमध्ये ठेवा, नाहीतर क आणि ख त्यांच्यापासून लांबच्या क्लॅम्पवर. रात्रभर इंडक्शन ठेवायचा मोह टाळा, रात्रभरात किती उडालं आणि किती खाल्लं गेलं हे कोणालाच सांगता येणार नाही.

सावधान: ब्युटॅनोन चटकन पेटतं. ते मोजताना जवळ बर्नर नको.

## ८. काढणी

आरएनएसाठी २ ते २.५ तासांनी, एन्झाइमसाठी ४ ते ५ तासांनी. आरएनए आधी चढतो, प्रोटीन साचायला वेळ लागतो, म्हणून दोन्ही एकाच वेळी काढून "जुळत नाहीत" म्हणू नका.

एका वेळी एकच फ्लास्क उतरवा. गाळा, पटकन धुवा, पेपर टॉवेलमध्ये दाबा, लिक्विड नायट्रोजनमध्ये टाका, सगळं दोन मिनिटांत झालं पाहिजे. पाचही फ्लास्क एकदम काढून बर्फावर रांग लावली तर पाचव्याला पहिल्यापेक्षा बराच जास्त वेळ हवेशिवाय मिळतो, आणि आपण जे मोजतोय ते मिनिटांत हलणारं आहे.

## ९. आरएनए आणि क्यूपीसीआर

खल आणि बत्ता लिक्विड नायट्रोजनने गार करा आणि पीठ होईपर्यंत वाटा. जाडसर राहिलं तर आरएनए कमी निघतो, वितळू दिलं तर तुटतो. ट्रायझॉलने काढा, डीनेज (उरलेला डीएनए तोडणारा एन्झाइम) नक्की द्या, जेलवर रायबोसोमचे दोन बँड स्वच्छ दिसले तरच पुढे.

जीन कुठले: अल्कए तर हवाच, सोबत अल्कआर आणि अल्डए घ्या. फंगीडीबी या बुरश्यांच्या जीनोमच्या ऑनलाइन डेटाबेसवर अल्कए एएन-८९७९, अल्कआर एएन-८९७८, अल्डए एएन-०५५४ आणि क्रेए एएन-६१९५ या नंबरांनी सापडतील. प्राइमर शक्य तिथे इंट्रॉनच्या दोन बाजूंना पडतील असे घ्या म्हणजे जीनोमिक डीएनए राहिला तर ओळखता येतो, आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घातलेला कंट्रोल प्रत्येक सॅम्पलला.

रेफरन्स जीनमध्ये, म्हणजे ज्या न बदलणाऱ्या जीनशी तुलना करायची त्यात, सगळ्यात जास्त घोळ होतो. जीपीडीए हा सवयीने घेतला जातो, पण तो ग्लायकोलिसिसचा जीन आहे आणि आपण नेमका कार्बन सोर्सच बदलतोय, मग तो स्थिर राहील असं धरायचं कशाच्या जोरावर? ॲक्टिनचा ॲक्टए आणि ट्युब्युलिनचा बेनए असे दोन घ्या, आणि तेही पाचही फ्लास्कमध्ये खरंच स्थिर आहेत का ते आधी बघा.

तपासा: प्राइमरची एफिशियन्सी ९० ते ११० टक्क्यांमध्ये आहे का, आणि क फ्लास्कमध्ये अल्कएचा सीटी (सिग्नल दिसायला लागलेल्या सायकल, जितक्या जास्त तितका आरएनए कमी) किती येतोय. ३५ च्या आसपास किंवा पुढे असेल तर तो "जवळपास नाही" असाच वाचा. अशा आकड्याने भागून "अमुक हजार पट वाढ" लिहिलं तर ती संख्या पुढच्या वेळी दहापटीने बदललेली दिसेल, कारण छेदातच नुसता गोंगाट आहे. म्हणून पट काढताना शक्यतो ग ची तुलना ख शी करा.

## १०. एन्झाइमचं माप

हे काम स्वस्त आहे, साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर पुरतो, ज्या कॉलेजात क्यूपीसीआर नाही त्यांनी एवढंच केलं तरी उत्तम. गोठवलेली पूड गार बफरमध्ये घ्या, सेंट्रिफ्यूज करा, वरचं स्वच्छ पाणी वापरा, बर्फावरच ठेवा. क्युवेटमध्ये पीएच ९ च्या आसपासचं बफर, एनएडी आणि एक्स्ट्रॅक्ट घ्या, इथेनॉल सगळ्यात शेवटी घाला. इथेनॉलशिवाय एक मिनिट रीडिंग बघा, तेव्हाही आकडा चढत असेल तर ती दुसरी कुठली तरी रिॲक्शन आहे आणि ती वजा करायची आहे. बफरमध्ये सेमीकार्बाझाइड असेल तर ते तयार होणारं ॲसिटाल्डिहाइड अडकवून ठेवतं आणि रिॲक्शन उलटी फिरत नाही.

३४० नॅनोमीटरला एनएडीएच वाढताना दिसतं. हिशोब असा: समजा मिनिटाला ०.३११ वाढ झाली, क्युवेट १ सेंटिमीटरची, एकूण १ मिलिलिटर. ०.३११ ला ६.२२ ने भागलं की ०.०५, म्हणजे मिनिटाला ०.०५ मायक्रोमोल. त्यात ५० मायक्रोलिटर एक्स्ट्रॅक्ट होता आणि ब्रॅडफर्डने प्रोटीन २ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर आलं, म्हणजे ०.१ मिलिग्रॅम प्रोटीन, तर ०.५ युनिट प्रति मिलिग्रॅम. प्रोटीनने न भागता नुसतं ॲब्सॉर्बन्स देणं ही फार कॉमन चूक आहे.

अल्कए नसलेल्या स्ट्रेनमध्येही थोडी ॲक्टिव्हिटी दिसू शकते, ती अल्कबी-अल्कसीची, घाबरू नका.

## ११. आकडे वाचताना

जंगली स्ट्रेनमध्ये क आणि घ जवळपास शून्य, ख थोडासा, ग भरपूर आणि च चांगला, असं आलं तर प्रयोग नीट झालाय. क पासून ख पर्यंतचा फरक हा ब्रेक सुटल्याचा, ख पासून ग पर्यंतचा फरक हा इंडक्शनचा, आणि ग पासून घ पर्यंतची घसरण ही ग्लुकोजची ताकद. हे तीन फरक निकालात तीन वेगळ्या वाक्यांत लिहा.

अल्कआर नसलेल्या स्ट्रेनमध्ये ग आणि च दोन्ही आडवे पडले पाहिजेत. नाही पडले तर स्ट्रेन चुकीचा आहे किंवा प्राइमर दुसऱ्याच डिहायड्रोजनेजला पकडतोय. क्रेए बिघडलेल्यामध्ये घ वर आला पाहिजे, आणि आता तुम्ही "क्रेएमुळे" हा शब्द लिहू शकता.

ख खूप उंच आला तर आधी इथेनॉलची गळती शोधा, स्टॉक, स्प्रेडर, शेजारच्या फ्लास्कची वाफ या क्रमाने. गळती नाहीच आणि स्ट्रेन अल्डए बिघडलेला असेल तर मात्र तो निकाल खरा असू शकतो, कारण पेशीत रोजच्या व्यवहारात थोडं ॲसिटाल्डिहाइड बनतंच, ते पुढे जायचा रस्ता बंद झाला की साचतं आणि बाहेरून काही न घालता जीन उठतात. ॲसिटाल्डिहाइड हाच खरा इंड्युसर आहे याच्या पुराव्यांपैकी हा एक.

घ उंच आला आणि स्ट्रेन जंगलीच असेल तर इंड्युसर घातल्यापासून काढणीपर्यंत ग्लुकोज टिकलं होतं का ते पट्टीने बघा. काढणीच्या वेळी गाळलेलं मीडियम फेकू नका, नेमकं यासाठीच ते फ्रीजरमध्ये ठेवायचं.

आणि जे लोक अल्कए प्रमोटर फक्त टूल म्हणून वापरतात, स्वतःचा जीन त्याच्या मागे लावून ग्लुकोजवर बंद आणि थ्रिओनिनवर चालू करतात, त्यांनी कॉपी नंबर सदर्न ब्लॉटने किंवा क्यूपीसीआरने मोजून घ्यावा. प्रमोटरच्या खूप कॉपी घातल्या की पेशीतला अल्कआर सगळ्यांना पुरत नाही, दहा कॉपी म्हणजे दहापट प्रोटीन असं होत नाही, आणि बुरशीचा स्वतःचा अल्कएही उपाशी राहून इथेनॉलवरची वाढ मंदावू शकते. एक किंवा दोन कॉपीवाला ट्रान्सफॉर्मंट निवडा.